बेचाळीस घरांची भाकर

शनिवारी दुपारी तीनला सगळे पावाच्या भट्टीमागच्या खोलीत जमले आणि पहिला अर्धा तास पिठाचा उद्धार करण्यात गेला.

"दळणच भरड आलं होतं," थोरला म्हणाला. बसायला जागा असून तो उभाच होता, भट्टीच्या ऊबदार भिंतीला पाठ लावून. "मी गिरणीवाल्याला चांगलं झापलंय."

"तीनदा झापलंस," खाटेवरून त्याची आई म्हणाली. "त्याच पिठाचे पाव सबंध गाव खातंय. एकाचा तरी चुरा झाला का? चुरली ती प्रभुभोजनाची भाकर तेवढी. पिठाला काय कळतं रे, हे चर्चचं आणि हे बाजारातलं?"

"आई, तुला नीट दिसत नाही, तू उगाच..."

"डोळे गेलेत, दात गेलेत. जीभ आहे अजून. विचार तुझ्या बायकोला."

थोरलीने मान वर केली नाही. उपड्या काठवटीशेजारी ती हात मांडीवर ठेवून बसली होती. एरवी या वेळेला काठवट उताणी असायची, तिच्यात पिठाचं आळं केलेलं असायचं आणि आळ्यात कोमट पाण्यात फुललेलं खमीर. उद्या महिन्याचा पहिला रविवार. पाचच्या आत पीठ मळून झाकायला हवं होतं, आणि तिने अजून पिठाच्या डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं. सकाळीच तिने नवऱ्याला सांगितलं होतं, सगळ्यांना बोलवा, मला काय ते एकदाच सांगायचंय. सगळे आले. आणि आता तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

गेल्या महिन्यात ते घडलं होतं. तिच्या दिराने, चर्चच्या मंडळीच्या पाळकाने, वेदीपुढे दोन्ही हातांत भाकर उचलली, मंडळीला तुकडे वाटायला नेहमीसारखी मधोमध मोडायला गेला, आणि भाकर मोडली नाही, ढासळली. उन्हाने तडकलेल्या ढेकळासारखी. पांढऱ्या कापडावर चुरा, त्याच्या बाह्यांवर चुरा, खाली पायऱ्यांवर चुरा. बाजा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांना त्यांच्या कोपऱ्यातून काही दिसलं नाही, ते आपले वाजवतच राहिले. पाळक तळहाताने कण गोळा करत राहिला, आणि पहिल्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत अर्धी मंडळी म्हणत होती, हे लक्षण बरं नाही.

भाकर नुसती म्हणायची. असायचा तो एक मोठा गोल पाव, जाड सालीचा आणि आतून मऊ. चार पिढ्या तो या घरातून चर्चमध्ये जात होता, आणि चार पिढ्या तो घरातली बाईच मळत होती, घड्याळाकडे न बघता. मंडळीत घरं बेचाळीस. एकेका घराचं नाव घ्यायचं, त्या घरासाठी देवापाशी एक ओळ मागायची, आणि ओळ संपेपर्यंत पीठ लोटायचं, दुमडायचं, फिरवायचं. बेचाळीस घरं झाली की पीठ मळून झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी सासूने तिच्या हातांवर आपले हात ठेवून शिकवलं होतं:

पहिली गं घडी, शिंप्याच्या दाराला,
देवा, दृष्टी राहू दे, सुईच्या वाटेला.
दुसरी गं घडी, सुईणीच्या घरा,
रिकामा न जावो, तिचा एकही फेरा.

माणसं मरत, जन्मत, ओळी बदलत. कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न, कुणाच्या पोराने धरलेला वाईट नाद, सगळं तिच्या हातांखालून जायचं. चोवीस वर्षं अशी गेली. कोणाच्या घरात काय चाललंय हे पाळकाच्या आधी तिच्या मनगटांना कळायचं.

"वहिनी," पाळक खुर्चीच्या कडेवर सरकला. बोलायच्या आधी घसा साफ करायची त्याला वेदीवरची सवय होती. "कुणी तुम्हाला बोल लावत नाहीये. वर्ष कसं गेलं ते आपल्याला माहीत आहे. मी म्हणतो, काही महिने हे काम धाकटी बघेल. तुम्हाला जरा विश्रांती."

"मी?" धाकटी, त्याची बायको, दचकलीच. "अहो, माझ्या हातचं खाऊन तुम्ही टिकलात हाच लोकांना चमत्कार वाटतो! ताई, मला यांनी विचारलंसुद्धा नाही हं."

दाराजवळ कुणीतरी फसकन हसलं. नणंद होती. दवाखान्यातून थेट आलेली, अंगावर परिचारिकेचा पांढरा गणवेश तसाच. सव्वा वर्षाने ती या खोलीच्या दारात उभी होती, आणि आल्यापासून उंबऱ्याच्या आत काही आली नव्हती.

"हसायला काय झालं?" पाळकाने बहिणीला विचारलं.

"काही नाही. या घरात अजून कुणीतरी न विचारता कामं वाटतंय, ते ऐकून बरं वाटलं."

"तू चर्चमध्ये येणं सोडलंस. तुला यात..."

"मी चर्च सोडलं, आई नाही सोडली. बोलावलंय म्हणून आलेय."

"भांडा, भांडा," म्हातारी म्हणाली. "सगळी मिळून भट्टीच्या आसपास फिरा, आत कुणी बघू नका. पीठ चांगलं आहे. पाणी चांगलं आहे. खमीर मी स्वतः हुंगलंय. थोरले, तू नावं घेत नाहीस."

भट्टीत एक लाकूड कडाडलं.

"अकरा महिने ऐकतेय मी," म्हातारी पुढे म्हणाली, या वेळी जरा हळू. "ऐकते म्हणजे ऐकू येत नाही, तेच ऐकते. आधी वाटलं, घसा बसलाय पोरीचा. मग वाटलं, मनात म्हणत असेल. पण मनात म्हणणारी बाई इतक्या लवकर हात धुवायला उठत नाही. महिन्यागणिक दुमड्या कमी, आता आठ काय, दहा काय, की झाली मोकळी. न मळलेलं पीठ चुरणार नाही तर काय करेल?"

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी भिंतीच्या पलीकडे असतो," तो म्हणाला. "चोवीस वर्षं तुझ्या गाण्यावर मी भट्टीत लाकडं सारली. ते थांबलेलं मला कळणार नाही?"

"मग गिरणीवाल्याला का शिव्या देत होतात?"

"तुला द्यायला जीभ रेटेना म्हणून."

अकरा महिने हा माणूस भिंतीला कान लावून उभा होता, आणि तिला वाटत होतं, आपलं गप्प होणं कुणाच्या गावीही नाही.

"तेच सांगायला बोलावलंय सगळ्यांना," ती म्हणाली. एकदा सुरुवात झाल्यावर शब्द आपोआप आले, कोरडे, ओळीने. "माझ्यात ते उरलेलं नाही. मी प्रार्थना करत नाही. रविवारी बाकावर बसते, सगळ्यांबरोबर उठते, सगळ्यांबरोबर गाते. आत काही नसतं. शनिवारी पिठात हात घातला की पहिल्याच घराला जीभ टाळ्याला चिकटते. कुणाकडे मागू? ज्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, त्याच्याकडे? बेचाळीस घरं विश्वासाने माझ्या हातचं तोंडात घालतात आणि मी त्यांना फसवते. आता हे पाप पुरे झालं. धाकटीला द्या, नाहीतर बाहेरून मागवा. माझे हात सोडवा यातून."

"शंका प्रत्येकाला येतात, वहिनी," पाळक मऊ आवाजात म्हणाला. "अशा काळातच देव आपल्या जास्त जवळ..."

"भाऊजी, तुम्ही बोलू नका."

ती ओरडली नव्हती. पण धाकटीने नवऱ्याच्या बाहीला हात लावला, आणि नणंद उंबरा ओलांडून आत आली.

"तुम्ही एवढं एक करू नका," थोरली म्हणाली. "तुम्ही वेदीवरून सांगितलंत. सगळ्यांदेखत. माझी चिमणी पहिल्या बाकावर बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. तुम्ही म्हणालात, ही मुलगी मरणार नाही, देवाने मला दाखवलंय. सगळी मंडळी उभी राहिली. मी तर हात वर केले होते दोन्ही."

एकोणीस वर्षांची होती चिमणी. रक्ताचं दुखणं. भट्टीच्या घरात जन्मलेली पोर, पण पिठाची शिंक यायची तिला. त्यावरून बाप तिला चिडवायचा, तू कुठल्या तरी कोळ्याकडची, चुकून इथे आलीस.

"आणि वन्सं," थोरली नणंदेकडे वळली. सव्वा वर्षात पहिल्यांदा तिने तिला हाक मारली होती. "तुम्ही येऊन सांगितलंत, वहिनी, रक्ताचा अहवाल मी पाहिलाय, दिवस थोडे आहेत, तिच्याशी बोलून घ्या. मी तुम्हाला काय म्हटलं?"

"जाऊ दे ना ते."

"काय म्हटलं?"

"या घरात अविश्वासाला जागा नाही, म्हणालात," नणंद म्हणाली. "आणि माझी पिशवी बाहेर ठेवलीत."

"हो. बाहेर ठेवली. आणि मग एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. म्हणाली, आई, मी नसेन तेव्हा... एवढंच म्हणाली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला." थोरलीने उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "या हाताने. म्हटलं, असं बोलू नकोस, देव ऐकतो, आपला विश्वास कमी पडेल. पुन्हा तिने विषय काढला नाही. गेली तेव्हासुद्धा मी तिला सांगत होते, उद्या तुला बरं वाटेल. माझ्या पोरीला मरताना मरतेय म्हणायचीही मुभा नव्हती या घरात. कशासाठी? तर माझा विश्वास शाबूत राहावा म्हणून. तो विश्वास मी आता कुठल्या तोंडाने मळू पिठात?"

थोरल्याने चेहरा भिंतीकडे केला. त्याचे खांदे एवढे रुंद, पण ते हलत होते.

पाळकाने घसा साफ केला नाही. तो बोलला तेव्हा आवाज वेदीवरचा नव्हता, लहानपणी मार चुकवायला आईमागे लपणाऱ्या पोराचा होता.

"मी खोटं नव्हतो बोललो, वहिनी. मला खरंच तसं वाटलं होतं. तिला मी बाप्तिस्मा दिला होता. मला ते इतकं हवं होतं, इतकं, की माझंच हवंसं वाटणं मला त्याचा आवाज वाटलं. मी माझं बोलणं देवाच्या तोंडी घातलं." तो थांबला. "तिला माती देताना मी पुस्तकातून वाचलं. वर बघून बोलायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून दर रविवारी मी वाचूनच दाखवतो. कुणाच्या लक्षात आलं नाही."

"माझ्या आलं," धाकटी हळूच म्हणाली.

नणंद खाली बसली, थोरलीच्या समोर, गणवेशाची पर्वा न करता.

"वहिनी, एक सांगू? राग आला तर पुन्हा पिशवी बाहेर ठेवा. ती माझ्याशी बोलली होती. दवाखान्यात, तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात तेव्हा."

थोरली पुढे वाकली. "काय म्हणाली?"

"फार काही नाही. निळा स्वेटर मैत्रिणीला द्या म्हणाली. बाबांना चष्म्याची काच बदलायला लावा. आणि..." नणंदेने ओठ घट्ट मिटले, मग सोडले. "आणि म्हणाली, आईला वाटतंय मी बरी होणार. वाटू दे. तिच्याजवळ तेवढंच आहे."

थोरलीला वाटलं, आता रडू येईल, पण आलं ते रडू नव्हतं. पोटाच्या तळातून एक आवाज निघाला, गुरासारखा, आणि ती काठवटीच्या पाठीवर दोन्ही मुठी आपटत राहिली. पोरीने आईला सांभाळलं होतं. रक्त आटत असताना, रुमाल सावरत, हसून, उद्या मला बरं वाटेल म्हणत, पोरीने आईचा विश्वास शेवटपर्यंत ओंजळीत धरून ठेवला होता, सांडू नये म्हणून. आणि आई समजत होती, आपणच धरलाय.

थोरला आला आणि तिच्या मागे बसला. त्याने तिला थांबवलं नाही. मुठींचा आवाज कमी झाला तेव्हा खाटेवरून म्हातारी बोलली.

"त्याने चूक केली. तू केलीस. आणि त्या रविवारी सगळ्यांत मोठ्याने आमेन कोण म्हणालं, आठवतं का? मी. माझा आवाज बाहेर रस्त्यावर गेला असेल."

"आणि देवाने?" थोरलीने विचारलं. "त्याने काय केलं, ते सांगा आई. तुम्ही इतकी वर्षं त्याच्या दारात बसलायत."

"मला नाही माहीत."

"नाही माहीत?"

"नाही. मी दोन पोरं पुरली, नवरा पुरला, आता नात. दर वेळी विचारलं. त्याने मला एकदाही हिशेब दिला नाही. तुला सांगायला माझ्याजवळ काही नाही, थोरले. असतं तर अकरा महिने गप्प बसले असते का?" म्हातारीने खाटेच्या कडेवर हात चाचपडत पाय खाली सोडले. "पण तू म्हणतेस, आत काही उरलं नाही. ते खोटं. तू अबोला धरलायस. घरातल्या माणसाशी धरतात, तसा. समोर यायचं, ताट वाढायचं, आणि तोंड फिरवायचं. मी तुझ्या सासऱ्याशी एकदा पाच महिने धरला होता, मला ओळखता येतो. नसलेल्या माणसाशी कुणी अबोला धरतं का गं?"

थोरलीने पदराने तोंड पुसलं.

"मी त्याला चांगलं काही म्हणणार नाही," ती म्हणाली.

"कुणी सांगितलंय म्हण म्हणून?"

"आभारबिभार मानणार नाही."

"नको मानूस. उभी राहा आणि भांड. पण घरं उपाशी ठेवू नकोस. बेचाळीस घरांनी तुझं काय घोडं मारलंय?"

घड्याळात साडेचार झाले होते. कुणी तिकडे बोट दाखवलं नाही, पण सगळ्यांना दिसत होते. थोरली उठली. तिने काठवट उताणी केली, पुसली, पिठाच्या डब्याचं झाकण काढलं. थोरला लाकडं सारायला भिंतीपलीकडे गेला, धाकटी न सांगता पाणी कोमट करायला. नणंद बाह्या दुमडत म्हणाली, मीठ मी मोजते, मला एवढंच नीट येतं. पीठ, पाणी, मीठ, खमीर एकत्र आलं, आणि थोरलीने त्यात हात घातले.

पहिल्या घराला ती अडली. तोंड उघडलं, मिटलं. मग नुसतं नाव घेतलं, ओळ नाही, मागणं नाही. शिंप्याचं घर. लोटलं, दुमडलं, फिरवलं. सुईणीचं घर. चष्मेवाल्याचं. नुसती हजेरी, जशी मास्तर वर्गात घेतात. नवव्या घराला, जिथे गेल्या आठवड्यात जुळी पोरं झाली होती आणि एक राहिलं नाही, तिथे तिचे हात क्षणभर थबकले, आणि तिच्या नकळत नावाला एक ओळ लागून आली:

नववी गं घडी, कुंभाराच्या घरा,
रिकाम्या पाळण्याचा भार, सोसू दे तिला जरा.

पुढे काही घरांना ओळी आल्या, काहींना नाही. काही ओळी प्रार्थनेसारख्या होत्या आणि काही फिर्यादीसारख्या. एका घराला ती म्हणाली, यांचं तरी ऐक. भिंतीच्या पलीकडे थोरला लाकडं सारत होता, आणि ते लयीत होतं.

एकेचाळिसावं घर पाळकाचं. तिथे ती थांबली. मनगटापर्यंत पीठ, कपाळावर घाम, आणि पुढचा शब्द येईना. सगळी खोली तिच्या पाठीकडे बघत होती. नाव गाळता आलं असतं. कुणी काही म्हणालं नसतं.

"भाऊजी," ती मागे न बघता म्हणाली. "हात धुऊन या."

तो आला. पिठात हात घालायची त्याला सवय नव्हती. कोपरं बाहेर काढून तो पीठ नुसतं दाबत होता. तिने त्याची बोटं सरळ केली, तळहात कुठे टेकवायचा ते दाखवलं, आणि दोघांचे चार हात एका गोळ्यावर असताना म्हणाली:

एकेचाळिसावी घडी, पाळकाच्या घरा,
तुझ्या तोंडी शब्द घालण्याआधी, अडव त्याला जरा.

पाळकाच्या नाकावरून एक थेंब पिठात पडला. "आमेन," तो म्हणाला. म्हणताना त्याला कागद लागला नाही.

"बास आता, खारट कराल," नणंद म्हणाली, आणि तिचाही आवाज धड नव्हता.

उरलं एक घर. पाळक बाजूला झाला. थोरलीने गोळा स्वतःकडे ओढला, लोटला, दुमडला. ओळ शोधत ती कितीतरी वेळा तो फिरवत राहिली. यमक नव्हतं. मागायला काही नव्हतं, कारण जे मागायचं ते मातीत होतं.

"आमचं घर," ती म्हणाली. "इथे एक पोर होती. तुला माहीत आहे. मी तिला बोलू दिलं नाही. तू तरी तिचं ऐकून घे. तिला काय काय सांगायचं होतं, सगळं. आणि मग कधीतरी मला सांग, तू हे का..."

वाक्य तिथेच राहिलं. हात थांबले नाहीत. ते आपले पुढे गेले, मागे आले, पुढे गेले, आणि मग हळूहळू मंदावले. म्हातारी भिंत धरून काठवटीपर्यंत आली, वाकली, आणि गोळ्यात एक बोट रुतवून काढून घेतलं. मळून झालेल्या पिठात भरून येतो तसा खळगा वर यायची वाट बघत, डोळे मिटून, ती बोट त्यावर फिरवत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"अजून," म्हातारी म्हणाली.

थोरलीने दंडाने नाक पुसलं, पाय घट्ट रोवले, आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली.